सोलो क्यूमध्ये अनोळखी टीमला आपला उपयोग कसा व्हावा?

प्रश्न: तिसरी_लेन

नमस्कार मंडळी,

मी डोटा २ (पाच विरुद्ध पाच हिरोंची लढाई) आणि एज ऑफ एम्पायर्स २ (गाव वसवून फौज काढायची) हे संगणकावरचे खेळ खेळतो. दोन्हीकडे टीम मॅचच आवडतात, पण क्यूला, म्हणजे खेळ सोबती जुळवून देईपर्यंतच्या रांगेत, बसतो एकटाच. ओळखीत हे खेळणारं कोणी नाही. रात्री बाळ झोपलं की थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात कोणाची वेळ जुळवत बसणं जमत नाही. त्यामुळे दर मॅचला नवी माणसं, नवे स्वभाव. बाळामुळेच माईकही बंद असतो.

हिरो कसा खेळावा, बिल्ड ऑर्डर (काय कधी बांधायचं) काय असावी, यावर शिकायला भरपूर आहे. मला विचारायचंय ते वेगळं. माझ्याशी ज्यांची गाठ पडते त्यांना मॅच संपल्यावर "हा सोबतीला होता ते बरं झालं" असं वाटावं, यासाठी काय करायचं?

एक उदाहरण देतो. परवाच्या डोटाच्या मॅचमध्ये आम्ही चांगले पुढे होतो. बाराव्या मिनिटाच्या सुमारास मिडचा (मधल्या लेनचा, म्हणजे वाटेचा) टॉवर पडला आणि त्यावरून आमच्या कॅरीची (पैसे साठवून पुढे मॅच जिंकून देणारा हिरो) आणि मिडवाल्याची चॅटवर जुंपली. "तू टीपी (झटक्यात दूर पोचणं) का केलं नाहीस", "तू तिथे काय करत होतास", हे सुरू. त्यानंतर दोघं खेळले कमी आणि टाइप जास्त करत राहिले. एकाने तर मुद्दाम दुसऱ्याच्या लेनमध्ये जाऊन त्याचं फार्म (प्राणी मारून मिळणारी कमाई) खायला सुरुवात केली. मॅच गेली. मी ऑफलेनला (कडेच्या अवघड लेनला) होतो, माझी लेन व्यवस्थित चालली होती. अशा वेळी तिसऱ्याने मध्ये पडावं, की दोघांना म्यूट करून आपलं खेळत राहावं?

दुसरं म्हणजे बोलायचं किती? काही जण सतत पिंग (नकाशावर आवाजासकट खूण) करत असतात, काही जण अख्ख्या मॅचमध्ये एक अक्षर बोलत नाहीत. टीमला यातलं उपयोगी काय पडतं?

———

उत्तर: पाचवी_जागा

तिसरी_लेन, प्रश्न आवडला. मी बरीच वर्षं पाचव्या पोझिशनला, म्हणजे हार्ड सपोर्ट (स्वतःच्या कमाईऐवजी सोबत्यांना सांभाळणारी जागा), खेळते आहे आणि बहुतेक वेळा एकटीच. माईक मीही लावत नाही. बाईचा आवाज ऐकला की काही जणांचं खेळातलं लक्ष उडतं आणि भलतंच बोलणं सुरू होतं, त्यात मला पडायचं नाही. त्यामुळे माझं सगळं उत्तर माईकशिवायचं आहे.

मुख्य गोष्ट माझ्या मते ही: तुम्ही पुढे काय करणार आहात ते सोबत्याला आधी कळलं पाहिजे. पाच मित्र मिळून खेळतात तेव्हा त्यांना एकमेकांच्या सवयी पाठ असतात. तुमच्या कॅरीला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही. तुम्ही झाडीत उभे आहात ते झडप घालायला की जीव वाचवायला, हे त्याने कशावरून ओळखायचं? मग तो एक तर एकटाच आत शिरतो आणि मरतो, नाहीतर तुम्ही आत शिरता तेव्हा तो मागे उभा राहतो. नंतर दोघंही एकमेकांना नावं ठेवतात. सोलो क्यूमधली निम्मी भांडणं कमी कौशल्यामुळे होत नाहीत, दोघांच्या डोक्यात दोन वेगळे बेत असतात म्हणून होतात.

सुरुवात ड्राफ्टपासूनच (हिरो निवडण्यापासून) करा. स्क्रीन उघडल्या उघडल्या आपण कुठे जाणार ते मिनिमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) दाखवा. एकाच जागेवर दोघांचा डोळा असेल तर एकदा विचारा, तो हटला नाही तर जागा देऊन टाका आणि टीममध्ये काय कमी आहे ते घ्या. हट्टाने एकाच लेनमध्ये गेलेले दोन मिड हरतात आणि त्यांच्यामागे इतर तिघंही. सपोर्ट खेळत असाल तर हिरो आधी उचला. म्हणजे कॅरी आणि मिडला शत्रूचे हिरो बघून शेवटी निवडता येतं. एवढं केलं तरी कॅरीला कळतं की या माणसाला खेळ समजतो, आणि पुढे तुमचा पिंग तो ऐकतो.

आता बोलायचं किती. डोटामध्ये ऑल्ट दाबून कशावरही क्लिक केलं की ते टीमला चॅटमध्ये दिसतं: अल्टिमेट (हिरोची सगळ्यात मोठी शक्ती) तयार आहे की नाही, ती वापरायला लागणारा माना पुरेसा आहे का, बायबॅकचे (मेल्यावर लगेच परत येण्याचे) पैसे आहेत का. मी लढाईच्या आधी हे नेहमी करते. "माझं अल्टिमेट अजून झालेलं नाही" हे टाइप करायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात लढाई संपून जाते. चॅट व्हीलही (तयार वाक्यांचं चक्र) वापरा. त्यातली वाक्यं समोरच्याला त्याच्या भाषेत दिसतात, त्यामुळे तुमची आणि त्याची भाषा वेगळी असली तरी काम अडत नाही. पिंग एकदा करा, फार तर दोनदा. त्याच जागी पाच-सहा पिंग पडले की ऐकणाऱ्याला तो निरोप वाटत नाही, ओरडा वाटतो.

आणि जे सांगायचं ते घडण्याआधी सांगा. "मिडला कोणी दिसत नाही, मागे या" याचा उपयोग आहे. "मिडला कोणी दिसत नव्हतं, मागे यायला हवं होतंस" याचा त्या मॅचमध्ये काहीही उपयोग नाही. वाचणाऱ्याची नजर तेवढा वेळ मिनिमॅपवरून हटते आणि मन आधीच खट्टू झालेलं असतं, ते आणखी होतं. मी टाइप करते ती फक्त मेल्यावर, हिरो परत येईपर्यंत, आणि तेही पुढच्या मिनिटाबद्दल: स्मोक (टीमला शत्रूच्या नजरेआड करणारी वस्तू) घेतलाय, वरच्या जंगलात वॉर्ड (त्या जागी नजर ठेवणारी वस्तू) लावते, रोशनला (नकाशावरच्या मोठ्या राक्षसाला मारायला) जाऊ या.

रोशनवरून आठवलं. त्याला मारून एजिस (मेल्यावर एकदा परत जिवंत करणारी वस्तू) मिळाल्यावर ते पाच मिनिटांत विरून जातं. अनोळखी टीममध्ये असं फार वेळा होतं की एजिस घेतात आणि मग जो तो आपापल्या कोपऱ्यात फार्म करायला निघून जातो. अशा वेळी ज्याच्याकडे एजिस आहे त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं आणि एका टॉवरवर पिंग टाकायचा. बहुतेक वेळा बाकीचे येतात. लोकांना जायचं असतं, कुठे जायचं ते कोणीतरी ठरवायला हवं असतं.

वॉर्डचंही असंच. ऑब्झर्व्हर वॉर्ड सहा मिनिटं टिकतो आणि त्याला पैसे पडत नाहीत, फक्त साठा मर्यादित असतो. तेव्हा "ते सपोर्टचं काम" म्हणून बसून राहू नका. तुम्ही ऑफलेनर आहात, पुढचा टॉवर पाडायला तुम्हीच जाणार, तर एखादा वॉर्ड खिशात ठेवून त्या टॉवरच्या मागे लावा. वॉर्ड मागे काय झालं ते बघायला लावत नाहीत, टीम पुढची पाच मिनिटं जिथे वावरणार तिथे लावतात. तसंच स्टॅकिंग. जंगलातला कॅम्प (प्राण्यांचा तळ) मिनिट पूर्ण होताना रिकामा असेल तर तिथे नवे प्राणी येतात. ५३ ते ५५ सेकंदांच्या दरम्यान त्यांना बाहेर खेचलं की जुने राहतात आणि नवेही येतात. वाटेवर असाल तर यात तुमचं काहीच जात नाही, कॅरीला मात्र दुप्पट मिळतं. हे केल्यावर त्या कॅम्पवर एक पिंग टाका, म्हणजे त्याला कळेल.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओपनएआय फाइव्ह नावाची डोटा खेळणारी संगणक प्रणाली होती. तिने एप्रिल २०१९ मध्ये त्या वेळच्या जगज्जेत्या ओजी टीमला २–० हरवलं. तिच्यातल्या पाच हिरोंना एकमेकांशी बोलायची सोयच नव्हती. पिंग नाही, चॅट नाही. टीमला जे दिसतं तेवढं पाचांनाही दिसायचं, बस्स. तिला घडवताना "टीम स्पिरिट" नावाचा एक आकडा ठेवला होता. तो शून्य असेल तर प्रत्येक हिरोला फक्त स्वतःच्या कमाईचं बक्षीस, आणि एक असेल तर पाचांच्या कमाईची सरासरी. प्रशिक्षण जसजसं पुढे गेलं तसतसा तो आकडा वाढवत एकपर्यंत नेला. कारण सुरुवातीपासून सगळं बक्षीस वाटून दिलं तर आपल्या कोणत्या कृतीने काय मिळालं तेच हिरोला उमगत नाही.

मला हे फार पटतं. लेनमध्ये पहिली सात-आठ मिनिटं स्वतःचं काम चोख करा, तीच तेव्हा टीमची मदत. त्यानंतर मात्र प्रत्येक निर्णयाला "यातून पाचांना काय मिळेल" असं विचारा. तुमची लेन व्यवस्थित चालली होती असं तुम्ही लिहिलंय. बाराव्या मिनिटाला व्यवस्थित चाललेली लेन सोडून मिडला जाणं, हेच कदाचित त्या मॅचमध्ये सगळ्यात मोलाचं ठरलं असतं.

आणि भांडण. न्यायनिवाडा करायला जाऊ नका. टॉवर कोणामुळे पडला हे तुम्हाला खरोखर माहीत असलं तरी नको, कारण एकाची बाजू घेतलीत की दुसरा दोघांशी भांडतो. "भांडू नका" हेही लिहू नका, भांडणाऱ्याला तो उपदेशच वाटतो. त्यांच्या हाताला काम द्या. स्मोक घ्या, मिडवाल्याच्या जवळ जा, शत्रूच्या एकट्या हिरोवर पिंग करा. एक किल मिळाला की चॅट आपोआप थंड होतो. मिळाल्यावर नेमकं लिहा: "स्टन (शत्रूला क्षणभर थिजवणारा वार) वेळेवर पडला." नुसत्या "वेल प्लेड"पेक्षा हे जास्त लागू पडतं, कारण त्याला कळतं की कोणीतरी खरंच बघत होतं.

तरीही एखादा थांबला नाही तर त्याला म्यूट करा, पण गुपचूप. "तुला म्यूट केलंय" असं जाहीर करणारे बघते तेव्हा मला फार वाईट वाटतं. ती शेवटची चापट असते, आणि ती बसल्यावर तो माणूस उरलेल्या मॅचमध्ये कोणाचाच राहत नाही.

———

उत्तर: शांत_चॅट

पाचवी_जागा यांचं बरंचसं पटलं, पण म्यूटबद्दल मी वेगळा आहे. मी मॅच सुरू होताच सगळ्यांचा चॅट आणि आवाज बंद करतो, पिंग चालू ठेवतो. मला कोणी चिडवलं की माझा खेळ बिघडतो, हा माझा स्वभाव आहे आणि त्याची किंमत चौघांनी का मोजावी? शांत डोक्याने खेळणारा मुका सोबती हा बोलघेवड्या चिडक्या सोबत्यापेक्षा चांगला.

मिनिमॅपकडे दर काही सेकंदांनी बघायची सवय असेल तर चॅटमध्ये जे लिहितात त्यातलं बरंच काही नकाशावर आधीच दिसत असतं. कॅरी कुठे निघालाय, शत्रूचे किती हिरो गायब आहेत, कोणाचा टीपी कुठे उतरतोय. हे वाचता येणं हीसुद्धा टीमशी बोलण्याचीच रीत आहे.

———

उत्तर: पाचवी_जागा

शांत_चॅट, स्वतःचा स्वभाव ओळखून केलेलं म्यूट मला मान्य आहे. फक्त लेन संपेपर्यंत तरी लिहिलेला चॅट चालू ठेवून बघाल का? "मी पाच मिनिटांनी टीपी करून येतो", "मला ब्लिंक (झटकन उडी मारून देणारी वस्तू) घ्यायला अजून थोडे पैसे हवेत", अशी वाक्यं नकाशावर दिसत नाहीत, आणि चांगला कॅप्टन मिळाला असेल तर तो तेव्हाच बोलतो.

———

उत्तर: बुरूज_आधी

डोटाबद्दल वर सांगून झालं, मी एज ऑफ एम्पायर्स २ बद्दल लिहितो. तिथे चार विरुद्ध चारमध्ये भांडणं जरा कमी होतात, पण एकेकटं खेळून हरणं खूप.

पहिलं म्हणजे तुमची जागा ओळखा. दोन खेळाडू कडेला, म्हणजे फ्लँक, आणि दोन मध्ये, म्हणजे पॉकेट. फ्लँकच्या समोर शत्रू लगेच उभा असतो, तो बहुधा तिरंदाज काढतो आणि सुरुवातीचा मार खातो. पॉकेटला थोडी उसंत मिळते, तो घोडदळाकडे जातो. पॉकेटला असताना "माझ्यावर कोणी आलं नाही, छान चाललंय" असं वाटू लागलं की लगेच शेजारच्या फ्लँककडे बघा. तुमच्यावर कोणी आलं नाही कारण दोघं मिळून त्याला मारतायत. तुमचे पहिले चार-पाच स्काउट (हलके घोडेस्वार) त्याच्या लाकूडतोड्यांजवळ पोचले तर तो वाचतो. तो मेल्यावर तुम्ही वीस नाइट (जड घोडेस्वार) घेऊन गेलात तरी तीन विरुद्ध चार झालेलंच असतं.

दुसरं, ट्रिब्यूट, म्हणजे सोबत्याला माल पाठवणं. मार्केट बांधलं की सोबत्याला अन्न, लाकूड, सोनं, दगड पाठवता येतं. सुरुवातीला त्यावर ३० टक्के कर लागतो, कॉइनेज संशोधन केलं की २० होतो, बँकिंगनंतर काहीच नाही. कर लागतो म्हणून अनेक जण पाठवतच नाहीत. पण ज्याचे शेतकरी मेलेत आणि टाउन सेंटरमध्ये गावकरी काढायला अन्न नाही, त्याला त्या घडीला पाठवलेलं अन्न तुमच्या पुढच्या अपग्रेडपेक्षा टीमला कितीतरी जास्त देतं. मागायचं असेल तर टाइप करत बसू नका. चॅटमध्ये ३ लिहिलं की अन्न, ४ लाकूड, ५ सोनं, ६ दगड. हे टाँट (ठरलेल्या आकड्यांचे बोल) आवाजासकट जातात, कोणत्याही देशातला खेळाडू ओळखतो.

तिसरं थोडक्यात: तटबंदी बांधताना सोबत्याचा रस्ता बंद करू नका, आणि मॅच लांबली तर मार्केट शत्रूपासून दूर, कोपऱ्यात बांधा. नकाशावरचं सोनं संपल्यावर ट्रेड कार्ट (दोन मार्केटमध्ये फिरणारी व्यापारी गाडी) हाच सोन्याचा मोठा आधार उरतो, आणि दोन मार्केटमध्ये अंतर जितकं जास्त तितकं एका खेपेला सोनं जास्त. मार्केट कुठे बांधताय ते फ्लेअर (नकाशावरची खूण) टाकून सोबत्याला आधीच दाखवा.

———

उत्तर: तिसरी_लेन

सगळ्यांचे आभार. "व्यवस्थित चाललेली लेन सोडून मिडला जाणं" हे वाचून मी विचारात पडलो. लेन सोडणं म्हणजे आपलं कर्तव्य सोडणं असंच आजवर वाटायचं.

अजून एक विचारतो. मधूनच एक जण निघून गेला तर? आणि एजमध्ये आपलंच राज्य पार उद्ध्वस्त झालं, काहीच उरलं नाही, तर रिझाइन करून (हार मानून) बाहेर पडणं योग्य की बसून राहणं?

———

उत्तर: पाचवी_जागा

डोटामध्ये कोणाचं कनेक्शन तुटलं तर आधी पॉझ करा, आणि समोरच्यांनी पॉझ काढला तर चिडू नका, त्यांना आपला कोण का गेला ते माहीत नसतं. पाच मिनिटं तो परतला नाही तर खेळ त्याला अबँडन (मॅच सोडून गेलेला) धरतो आणि त्यानंतर तुम्हाला दंडाशिवाय निघता येतं. पण उरलेल्या तिघांना विचारल्याशिवाय निघू नका. गेलेल्याचं सोनं चौघांत वाटलं जातं, नकाशावरचं फार्मही आता चौघांचंच, त्यामुळे प्रत्येक जण एरवीपेक्षा लवकर मोठा होतो. मोकळ्या मैदानात लढाई टाळून हायग्राउंडवर (आपल्या तळाच्या उंच भागात) थांबलं तर कधीकधी वाचताही येतं. अशा वेळी मी सपोर्ट असूनही फार्म घेते आणि तसं सांगून घेते, म्हणजे कॅरीला मी त्याचं खातेय असं वाटत नाही.

———

उत्तर: बुरूज_आधी

एजबद्दल: उद्ध्वस्त झालात तरी लगेच रिझाइन करू नका. दोन-चार गावकरी उरले असतील तर त्यांना घेऊन पॉकेटच्या मागे पळा, तिथे टाउन सेंटर उभं करा. तुमच्या जुन्या गावाची एकेक इमारत पाडत शत्रूची फौज जितका वेळ अडकते तितका वेळ बाकी तिघांना मिळतो. जमलंच नाही तर निघण्याआधी शिल्लक असेल ते सगळं सोबत्यांना पाठवा. पण त्यासाठी मार्केट उभं असावं लागतं, म्हणून गाव पडतंय असं दिसलं की मार्केट पडायच्या आत पाठवायला सुरुवात करायची. आणि कोणाला पाठवायचं हे ठरवताना स्कोअरकडे बघू नका. ज्याच्याकडे फौज काढायला इमारती तयार आहेत पण सोनं नाही, त्याला द्या. त्याच्याकडे ते पुढच्याच क्षणी नाइट होऊन बाहेर पडतं.